दोन-चार गाड्या झाल्यात ना, मग गाडीची नी ड्रायव्हरची वही एकच ठेवा

आपल्या खान्देशात गाडी घेणारा माणूस बहुतेक शेतीतून येतो नाहीतर ड्रायव्हरकीतून. केळीत एका वर्षी भाव सापडला, पोराने फायनान्सवर दहा टायर ट्रक घेतला, दीड-दोन वर्ष बरं चाललं म्हणून दुसरा घेतला, नी तिसऱ्या गाडीपासून सगळं हातातून निसटायला लागतं. एक गाडी असते तोवर मालकाच्या डोक्यातच सगळं असतं, ऑइल कधी बदललं, मागच्या जोडीला कोणता टायर टाकला, ड्रायव्हर किती दिवसापासून घरी गेला नाही. चार झाल्या की डोकं पुरत नाही. मला रावेर, चोपडा, दोंडाईचा इकडून फोन येतात की भाऊ, गाड्या तर थांबत नाहीत, भाडंही मिळतं, पण हप्ता भरला की हातात काही राहत नाही, कुठं गळतंय? फोनवर किती सांगणार, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो.

गळतं कुठं, तर बहुतेक वेळा मधल्या फटीत. गाडीचं काम मिस्त्रीकडे, ड्रायव्हर सांभाळायला भाऊ नाहीतर मुनीम, डिझेल पंपाच्या खात्यावर, नी या तिघांचं एकमेकांशी बोलणंच नसतं. मिस्त्रीला माहीत असतं की या गाडीचे ब्रेकचे लायनर लवकर जातात, मुनीमला माहीत असतं की या गाडीवर चार महिन्यात तीन ड्रायव्हर झाले, पंपवाल्याला माहीत असतं की डिझेल जास्त जातंय, पण तिन्ही गोष्टी एका जागी कोणी मांडतच नाही. मी स्वतः हे फार महागात शिकलोय, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका दहा टायरचा एव्हरेज, म्हणजे लिटरला किती किलोमीटर, ४.१ वरून दोन महिन्यात ३.५ वर आला. गाडीवर साक्रीकडचा ड्रायव्हर होता, चार वर्ष माझ्याकडे काढलेला. मी सरळ धरून चाललो की डिझेल विकतोय, नी पगारातून पैसे कापले. तो म्हणत होता, "दादा, गाडी वढी नई ऱ्हायनी" (ओढत नाहीये), दोन-तीनदा म्हणाला, मी ऐकून घेतलं नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी गेला तो परत आलाच नाही. नवा माणूस बसवला, एव्हरेज तोच, ३.५. तेव्हा गाडी भुसावळला जुन्या मिस्त्रीकडे, नानांकडे नेली. नानांनी काही खोललं नाही, मला म्हणे वरणगावपर्यंत जाऊन ये, ब्रेक कमीत कमी मार. परत आलो तसे ते खाली वाकले नी एकेका चाकाच्या हबजवळ उलटा हात नेत गेले. मागचं उजवं चाक आलं नी त्यांनी हात झटकन मागे घेतला, मलाही दाखवलं, लांबूनच भट्टीसारखी आग लागत होती. ब्रेकचा कॅमशाफ्ट ग्रीस न मिळाल्यामुळे जाम झालेला, शू मागे फिरतच नव्हता, म्हणजे दोन महिने गाडी ब्रेक लावून चालत होती. वर एअर फिल्टर जिनिंगच्या कापसाच्या तुसाने गच्च, कारण त्या सीझनला गाडी गाठींवर होती. काम दोन-तीन हजारात झालं. मी कापलेले पैसे घेऊन त्याच्या गावी गेलो, त्याने चहा पाजला, पैसे घेतले, पण दुसरीकडे लागलेला होता. तसा ड्रायव्हर मला नंतर मिळाला नाही. त्याची तक्रार, ग्रीसिंगची तारीख नी एव्हरेज या तीन गोष्टी एका पानावर असत्या तर पहिल्या पंधरा दिवसातच कळलं असतं.

पहिलं काम, वही. प्रत्येक गाडीला एक दोनशे पानी रजिस्टर. डाव्या पानावर गाडी, उजव्या पानावर ड्रायव्हर, तारीख दोन्हीकडे एकच. डावीकडे किलोमीटर, ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग, कोणत्या नंबरचा टायर कोणत्या जागी, काय काम निघालं, किती खर्च. उजवीकडे गाडीवर कोण होतं, कुठून कुठं, माल काय नी किती टन, किती लिटर भरलं, आल्यावर तो गाडीबद्दल काय बोलला. हे शेवटचं त्याच्याच शब्दात लिहा. "चढावर कुथते", "डावीकडे ओढते", "गिअर टाकताना करकरते", जसं बोलला तसं. मिस्त्रीला तुमच्या भाषांतरापेक्षा हेच जास्त कामाचं असतं. मोबाईलवर, एक्सेलवर नंतर जा, पण पहिले सहा महिने हाताने लिहा, कारण लिहिताना नजर आपोआप मागच्या पानावर जाते.

मग एव्हरेज. ड्रायव्हरने सांगितलेला एव्हरेज, मीटरवर दिसणारा एव्हरेज, दोन्ही सोडून द्या. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, परत आल्यावर शक्यतो त्याच पंपावर सपाट जागेला गाडी लावून परत फुल करायची, नी झालेले किलोमीटर भागिले लागलेले लिटर. बस, एवढंच. पण एक चूक सगळे नवीन लोक करतात, वेगवेगळ्या रूटचे एव्हरेज एकमेकांना लावतात. जळगावहून अकोला-नागपूरकडे जाणारी गाडी सपाटीवर पळते, तिकडे धुळ्याहून सुरतला जाणाऱ्या गाडीला मध्ये कोंडाईबारी घाट आहे, नी इंदूरला जाणाऱ्याला बिजासन चढायचा आहे. भरलेली गाडी वेगळी, खाली येणारी वेगळी. त्याच रूटचा, तेवढ्याच मालाचा मागचा आकडा काढा नी त्याच्याशी लावा, नाहीतर चांगल्या माणसावर आळ येतो.

पैशात किती फरक पडतो ते एकदा करून बघा. महिन्याला गाडी ८,००० किलोमीटर धावली. ४ चा एव्हरेज असेल तर २,००० लिटर लागलं. ३.६ झाला तर २,२२२ लिटर. म्हणजे २२२ लिटर जास्त, लिटरला ९० रुपये धरले तर जवळजवळ २० हजार रुपये, एका गाडीचे, एका महिन्यात. पाच गाड्या असतील तर एक नवा हप्ता निघतो यातून.

एव्हरेज पडला की तपासायचा क्रम ठरलेला ठेवा, नी तो सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवा. आधी टायरची हवा. मग एअर फिल्टर. मग चाक कुठं अडकतंय का, म्हणजे वर सांगितलं तसं ब्रेक न मारता गाडी फिरवून हबजवळ हात नेऊन बघणं (हात लावायचा नाही, जवळ न्यायचा, चामडी निघते). मग अलाइनमेंट, मग डिझेल फिल्टर नी इंजेक्टर. एवढं झाल्यावर चालवायची पद्धत, म्हणजे उगाच रेस, एकदम ब्रेक, गाडी उभी असताना इंजिन चालू. मोठं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला दोन-तीन लिटर पितं, लोडिंगला तीन तास चालू ठेवलं की हिशोब तुम्हीच करा. नी सगळ्यात शेवटी चोरी. चोरी होते, मी नाही म्हणत नाही, पण सुरुवात तिथून केली तर गाडीतला बिघाड तसाच राहतो नी माणूसही जातो.

सकाळची दहा मिनिटं. गाडी निघायच्या आधी ड्रायव्हरने करायचं काम हे, नी पहिले पंधरा दिवस तुम्ही स्वतः त्याच्यासोबत उभं राहून करायचं, नुसतं सांगून कोणी करत नाही. गाडी काढायच्या आधी खालची जमीन बघायची, रात्रीतून ऑइल, पाणी, डिझेल कशाचा डाग पडलाय का. मग इंजिन थंड असतानाच डिपस्टिक नी कूलंट. मग इंजिन चालू करून ब्रेकच्या टँकची हवा पूर्ण भरू द्यायची, बंद करायचं नी कान देऊन ऐकायचं, सुस्स आवाज येतोय का, गेजचा काटा खाली येतोय का. एअर टँकचा ड्रेन ओढून पाणी काढायचं, पाण्यासोबत ऑइल यायला लागलं तर कॉम्प्रेसर किंवा एअर ड्रायरचं काम निघालंय, त्याच दिवशी वहीत लिहायचं. चाकाच्या नटाजवळ गंजाची बारीक रेघ दिसली तर तो नट ढिला आहे असं समजायचं. जोड टायरच्या मध्ये दगड अडकलाय का बघायचं, पावसाळ्यात केळीच्या शेतातून माल भरून निघालेल्या गाडीच्या जोडीत काळी माती अशी घट्ट बसते की हायवेवर गाडी थरथरते नी ड्रायव्हरला वाटतं बॅलन्सिंग गेलं. लाइट, इंडिकेटर, वायपर, मागची रिफ्लेक्टर पट्टी. एवढंच.

टायरवर थोडं जास्त बोलतो, कारण डिझेलनंतर पैसा तिथंच जातो. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो नी डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. हवा चेक करायची ती सकाळी टायर थंड असताना. दुपारी थांबून चेक केली की प्रेशर वाढलेलं दिसतं, मग ड्रायव्हर थोडी हवा काढून टाकतो नी त्याला वाटतं आपण टायर वाचवला. उलट आहे, हवा कमी झाली की टायरची कड जास्त वाकते, जास्त तापते, नी फुटतो तो असाच. गरम टायरची हवा काढायची नाही, थोडा वेळ सावलीत थांबायचं. प्रेशर किती ठेवायचं ते कंपनीच्या चार्टप्रमाणे, पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नाही. जोडीला एक नवा नी एक घासलेला टायर टाकू नका, मोठा असतो तो सगळं वजन घेतो नी लवकर जातो, दुसरा नुसता घासत राहतो. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) पुढच्या चाकाला तर अजिबात नाही. नियमाने नक्षी कमीत कमी १.६ मिलिमीटर पाहिजे, पण मी पुढचे टायर त्याच्या खूप आधी मागे टाकतो. नी टायर कसा झिजलाय तो वाचायला शिका, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट, नी एकाच जागी चट्टा पडला असेल तर ब्रेक जाम होऊन चाक घासत गेलंय, तिथं ड्रायव्हरलाही शांतपणे विचारा काय झालं होतं.

सर्व्हिसचा किलोमीटर कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो, तो पाळा, पण आपल्या भागाचा सीझन त्यात बसवा. कापूस सुरू झाला की गाठी नी सरकीवर असलेल्या गाड्यांचा रेडिएटर नी एअर फिल्टर दर आठवड्याला बघायचा, तूस जाळीवर गादीसारखा बसतो नी मग इंजिन गरम होतं. उन्हाळ्याच्या आधी होज, बेल्ट, कूलंट. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका, आपल्याकडे पाणी जड आहे, आतून क्षार धरतो नी दोन उन्हाळ्यात रेडिएटर चोंदतो. पावसाच्या आधी वायपर, ब्रेक नी सगळं ग्रीसिंग, नी गाडी नाल्याच्या पाण्यातून गेली असेल तर तारीख न बघता परत ग्रीस.

बीएस सिक्स (धुराच्या नव्या नियमाची) गाडी असेल तर युरियाचं प्रकरण समजून घ्या. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस सिक्स आल्या नी बहुतेक मोठ्या गाड्यांना डिझेलसोबत डीईएफ (धूर साफ करायचं द्रावण) लागतं, ज्याला आपण सगळे युरियाच म्हणतो. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया नी बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. काही लोक शेतातली गोणी पाण्यात कालवून टाकतात, कारण घरात पडलेलीच असते. असं कधी करू नका. खताच्या युरियात बाकीचे घटक असतात, ते नोझलवर खड्यासारखे बसतात, सेन्सर चुकीचं दाखवतो, गाडी स्वतःहून ताकद कमी करते नी तुम्ही घाटात अडकता. नोझल नी कॅटॅलिस्टचा खर्च लाखात जाऊ शकतो. रस्त्यावर सुट्या कॅनमध्ये मिळणाराही घेऊ नका, आपला कॅन गाडीत ठेवा नी तोही उन्हात नको.

आता ड्रायव्हर. हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे नी इथंच सगळे हात आखडता घेतात.

आधी झोप. केळीची गाडी घ्या. सकाळी शेतात लागली, घड उतरतात, हमाल येतात-जातात, सावद्याला संध्याकाळ होते, बिल्टी (मालाची पावती) होईपर्यंत आठ वाजतात. आपण समजतो ड्रायव्हर दिवसभर बसूनच होता. तो बसून नव्हता, उन्हात तापलेल्या केबिनमध्ये जागा होता, गाडी चार वेळा पुढे-मागे घेतली, ताडपत्री नी दोर बघितला. आता त्याला रात्रभर चालवायचंय, दिल्ली हजार-अकराशे किलोमीटर, नी व्यापारी दर दोन तासाला फोन करतोय कारण माल कच्चा आहे. पहाटे दोन ते पाच या वेळात त्याचे डोळे उघडे असतात पण तो झोपलेला असतो. म्हणून माझा नियम, लोडिंगचा वेळ हा ड्युटीत धरायचा. दिवसभर लोडिंग झालं असेल तर निघायच्या आधी कमीत कमी चार तास पाठ टेकायची, नाहीतर दुसरा ड्रायव्हर द्यायचा. लांबच्या केळीला मी दोनच देतो. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ चा आहे, त्यातही दिवसाला आठ तास नी सलग पाच तासाच्या आत अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं, म्हणजे हे कोणाचं नवीन खूळ नाही. नी व्यापाऱ्याचा फोन तुम्ही घ्या, चालत्या गाडीत ड्रायव्हरला फोन करायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. ठरवून ठेवा, तो थांबेल तेव्हा तोच करेल.

केबिनमध्ये पंखा, पाण्याचा जार, स्वच्छ गादी द्या. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम-मोठ्या ट्रकला तर केबिनचा एसी सक्तीचा झालाय. जुन्या गाडीला निदान छतावर उष्णतारोधक शीट मारा.

घाट. बिजासनचा घाट उतरून महाराष्ट्रात आलं की पळासनेर लागतं. ४ जुलै २०२३ ला तिथं ब्रेक फेल झालेला कंटेनर गाड्यांना उडवत हायवेलगतच्या हॉटेलात घुसला नी किमान दहा माणसं गेली. त्या रस्त्याने माझ्या गाड्या रोज जातात. घाटात न्यूट्रल मारून उतरायचं नाही, ही एक गोष्ट माझ्याकडे माफ होत नाही. जुन्या लोकांच्या डोक्यात बसलंय की न्यूट्रलने डिझेल वाचतं. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना नी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जात राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेलही जास्त नी ब्रेकवर सगळं वजन. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक, नी मधून मधून ब्रेक नीट दाबून वेग कमी करून सोडायचा, पाय सतत ठेवून घासत उतरायचं नाही. नवीन ड्रायव्हर घेताना मी त्याला मालासकट घाटात घेऊन जातो, शेजारी बसतो, एक शब्द बोलत नाही, नुसता त्याचा पाय बघतो. लायसन्सपेक्षा तिथं जास्त कळतं. (लायसन्सही बघाच, ट्रान्सपोर्टचं पाच वर्षाचं असतं, नी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या, चष्मा लागला तर पैसे तुम्ही द्या.)

एका गाडीवर एकच ड्रायव्हर ठेवा, जमेल तेवढं. आज ही उद्या ती केलं की कोणीच तक्रार सांगत नाही, उद्या दुसऱ्याची आहे ना. नी गाडी बदलायचीच झाली तर दोघं समोरासमोर उभे राहून चावी द्यायची, जाणाऱ्याने सांगायचं नी येणाऱ्याने वहीत सही करायची.

सुट्ट्या आधीच माहीत असतात. आखाजी, कानबाई, पोळा, आपल्या आदिवासी ड्रायव्हरांची होळी नी भोंगऱ्या. त्या दिवसात तो घरी जाणारच, जायलाच पाहिजे. मग गाडीचं मोठं काम, क्लच, पाटे, पासिंगचं डेंटिंग, ते त्याच आठवड्यात लावा. माझ्या सगळ्या गाड्यांचं मोठं काम आता सणाला जोडलेलं आहे, दोघं एकदमच थांबतात नी एकदमच निघतात, वर्षाला प्रत्येक गाडीचे पाच-सहा दिवस वाचतात.

पगाराबद्दल एकच सांगतो. लवकर पोचण्यावर बक्षीस लावू नका, तो पळवणार. एव्हरेजवर लावा, पण सोबत अट ठेवा की अपघात नाही, सकाळची तपासणी रोज, नी आलेली तक्रार त्याच दिवशी सांगितलेली. नी तक्रार सांगितली म्हणून पैसे कापायचे नाहीत, आरसा फुटला तरी नाही. एकदा कापले की पुढच्या वेळी ब्रेकमधला आवाजही तो सांगणार नाही.

जीपीएस बसवा, स्वस्त झालंय, पण त्यात लोकेशन बघत बसण्यापेक्षा तीन गोष्टी बघा, उभं राहून इंजिन किती चाललं, जोराचे ब्रेक किती, नी रात्री दोन ते पाच किती चालली. जोराचे ब्रेक एका गाडीला एकदम वाढले तर आधी ब्रेकची सेटिंग बघा, मग ड्रायव्हर. कागदपत्रांची तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी, फिटनेस. नव्या गाडीला फिटनेस दोन वर्षाचं, आठ वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी.

नी महिन्यातून एक रविवार, दोन तास, मिस्त्री, मुनीम, नी जे ड्रायव्हर गावात असतील ते, सगळ्यांनी एका सतरंजीवर बसायचं. शेवभाजी करा, वरण-बट्टी करा, पण वह्या समोर पाहिजेत. एकेक गाडी घ्यायची, डावं पान वाचायचं, मग उजवं. मागच्या महिन्यात मिस्त्रीने वाचलं की अमुक गाडीचा क्लच वर्षात दुसऱ्यांदा गेला, मला वाटलं चालवणाऱ्याचाच पाय क्लचवर असणार. उजव्या पानावर बघितलं तर ती गाडी तीन महिने दीपनगरच्या वीज केंद्रावर राखेच्या फेऱ्यांवर होती, दिवसभर रांगेत, पाच फूट पुढे नी थांब, पाच फूट पुढे नी थांब. ड्रायव्हर कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. आता ती गाडी तिथं पंधरा दिवसच जाते, मग दुसरी जाते.

या आठवड्यात काय करायचं, तर रजिस्टर आणा, प्रत्येक गाडीची टाकी एकदा फुल करून किलोमीटर लिहा, नी उद्या सकाळी सहाला जी गाडी निघणार आहे तिच्याजवळ ड्रायव्हरसोबत जाऊन उभे राहा.